जिगोरो कानो, त्यांचं कौशल्य आणि त्यांचा विचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्युदोच्या वर्गात मुलं घातलेले पालक, कुस्तीतून ज्युदोकडे वळलेली पोरं आणि मॅटवर कधीही पाय न ठेवलेले पण कुतूहल असलेले लोक कानोंबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. बहुतेकांना त्यांचं नाव वर्गातल्या भिंतीवरच्या फोटोमुळे माहीत असतं. आत शिरताना त्या फोटोला वाकून नमस्कार करायचा, एवढंच शिकवलं जातं. त्या माणसाने नेमकं काय केलं हे कळलं, तर रोजचा सरावसुद्धा वेगळ्या नजरेने करता येतो, असं मला मनापासून वाटतं.

जिगोरो कानो कोण होते?

ज्युदोचे संस्थापक. जन्म 1860 चा, मिकागे गावचा. हे गाव आता कोबे शहरात आलं आहे. घराणं साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, तयार करणाऱ्यांचं आणि खाऊनपिऊन सुखी. आई लहानपणीच गेली, आणि 1871 मध्ये वडील त्यांना टोकियोला घेऊन आले. पुढे टोकियो विद्यापीठात राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकले. 1882 मध्ये, वयाच्या बाविशीच्या आसपास, त्यांनी कोदोकान ही स्वतःची शाळा काढली.

पोटापाण्यासाठी मात्र त्यांनी आयुष्यभर शिक्षकीच केली. शिक्षक घडवणाऱ्या टोकियोच्या उच्च नॉर्मल स्कूलचे ते 1893 पासून प्राचार्य होते आणि मधले खंड धरूनही तिथे त्यांनी दोन दशकांहून जास्त काळ काढला. 1909 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीवर आलेले ते पहिले आशियाई सदस्य. लढवय्या म्हणून त्यांच्याकडे पाहायला गेलं तर अर्धा माणूस हातातून निसटतो. मुलांना कसं शिकवावं या प्रश्नाने झपाटलेला शिक्षक म्हणून पाहिलं, की बाकीचं आपोआप जुळत जातं.

श्रीमंत घरातला, शिकलेला मुलगा मारामारीच्या विद्येकडे का गेला?

मार खाल्ला म्हणून. टोकियोत ते वसतिगृहाच्या शाळेत राहत. अभ्यासात पुढे आणि अंगाने किरकोळ, त्यामुळे दांडगी मुलं त्यांना छळत. कमजोर माणूससुद्धा बलवानाला पाडू शकतो अशी एक विद्या आहे, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं.

ती शिकवणारं कोणी मिळेना. तो मेइजी काळ होता. सामुराईंचं राज्य संपलं होतं, 1876 मध्ये तलवार बाळगण्यावरही बंदी आली. ती विद्या, म्हणजे जुजुत्सू, जुन्या जमान्याची गोष्ट समजली जाऊ लागली आणि तिचे बरेच गुरू हाडं बसवण्याच्या धंद्यावर गुजराण करू लागले. कानो मग हाडवैद्यांच्या पाट्या शोधत फिरले आणि विचारत गेले. अशी चौकशी करत 1877 मध्ये ते फुकुदा हाचिनोसुके यांच्यापर्यंत पोचले.

त्यांचे गुरू कोण, आणि त्यांच्याकडून काय घेतलं?

तिघे महत्त्वाचे. फुकुदा आणि नंतर इसो मासातोमो हे तेन्जिन शिन्यो परंपरेचे. पकड, गळा आवळणं, जमिनीवरची झटापट आणि आघात ही तिथली खासियत. इसोंच्या निधनानंतर भेटले ते इइकुबो त्सुनेतोशी, कितो परंपरेचे. तिथे फेकण्यावर भर होता. ज्युदोमध्ये या दोन्ही घराण्यांचं रक्त आहे.

फुकुदांची एक आठवण कानोंनी सांगितली आहे. एकदा गुरूंनी त्यांना एका डावावर आपटलं. कानोंनी उठून विचारलं, हे कसं केलंत, हात कुठे होता, पाय कुठे? गुरू म्हणाले, ये, आणि पुन्हा आपटलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा आपटणं. विचारून काही कळायचं नाही, वारंवार करूनच येईल, असं त्यांचं म्हणणं.

तसा हा प्रसंग आपल्याकडच्या कुठल्याही तालमीत घडेल. वस्ताद सांगत नाहीत, करून घेतात. कानोंनी करणं सोडलं नाही आणि विचारणंही सोडलं नाही, यात त्यांचं वेगळेपण आहे. त्या काळातलं त्यांचं सरावाचं जाकीट, ठिकठिकाणी फाटून स्वतःच्या हाताने शिवलेलं, कोदोकानच्या संग्रहालयात आहे.

एवढा छोटा माणूस मोठ्यांना पाडायचा, हे खरं की दंतकथा?

खरं, पण लगेच जमलं नाही. कानोंची उंची पाच फुटांच्या थोडी वर होती आणि तरुणपणी वजन अगदीच कमी. फुकुदांकडे फुकुशिमा नावाचा एक आडदांड सहाध्यायी होता, त्याच्यापुढे त्यांचं काही चालेना. आधी त्यांनी सुमोचे डाव शिकून पाहिले, उपयोग झाला नाही. मग ते वाचनालयात गेले, पाश्चात्त्य कुस्तीवरची पुस्तकं चाळली आणि त्यातून एक डाव उचलला. समोरच्याच्या कमरेखाली शिरायचं, त्याला खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि पलीकडे टाकायचा. फुकुशिमा पडला. या डावाला पुढे काता-गुरुमा म्हणू लागले. आपल्या पैलवानांना लगेच कलाजंग आठवेल.

मला या गोष्टीत सर्वांत भावतं ते वाचनालय. जुनी विद्या जपणारा विशीच्या आतला मुलगा परक्या देशाच्या पुस्तकात उत्तर शोधतो आणि मिळालं की बेधडक वापरतो. परंपरेबद्दल त्यांना प्रेम होतं, पण तिच्यात उत्तर नसेल तर तिच्याबाहेर जायला ते कचरले नाहीत.

जाता जाता एक खंत. 2010 नंतरच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी हाताने पाय पकडण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. त्यामुळे कानोंनी फुकुशिमाला ज्या पद्धतीने उचललं, त्या पद्धतीने आज स्पर्धेत कोणाला उचलता येत नाही. पाय न पकडता करायचे प्रकार शिल्लक आहेत, मूळ रूप मात्र कातात, म्हणजे ठरवून दिलेल्या चालींच्या प्रात्यक्षिकात, आणि सरावातच उरलं. नियम बदलण्याची कारणं होती, खेळ वाकून पट काढण्याकडे झुकत चालला होता. तरीही संस्थापकाचा डाव बाहेर काढून खेळ शुद्ध केला, हे मला पटत नाही.

कुझुशी कुझुशी म्हणतात, ते नेमकं काय?

समोरच्याचा तोल काढून घेणं. कानोंच्या सगळ्या कौशल्याची किल्ली इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

उभ्या माणसाचं वजन त्याच्या दोन पावलांमधल्या जागेवर पडत असतं. ते त्या जागेबाहेर गेलं, की एकतर त्याला पाऊल टाकावं लागतं किंवा पडावं लागतं. पाऊल पडायच्या आधीच्या क्षणात शंभर किलोचा माणूससुद्धा जवळजवळ निराधार असतो. भरलेलं लोखंडी कपाट सरकवताना आपण ते उचलत नाही, एका कोपऱ्यावर कलवतो आणि मग ते बोटांच्या जोरावर फिरतं. कानोंनी माणूस कोणकोणत्या बाजूंना कलू शकतो याच्या आठ दिशा मांडल्या. मग फेकण्याची क्रिया तीन टप्प्यांत सोडवून दाखवली: कुझुशी, म्हणजे तोल काढणं, त्सुकुरी, म्हणजे आपलं शरीर योग्य जागी बसवणं, आणि काके, म्हणजे प्रत्यक्ष टाकणं. जुने गुरू हे करत होतेच, पण तिन्ही एकजीव होऊन होत असल्यामुळे शिष्याला दिसायचं फक्त शेवटचं टाकणं. शिष्य त्याचीच नक्कल करायचा आणि ताकदीवर ओढत राहायचा.

हे त्यांना कसं उमगलं, त्याचीही आठवण आहे. 1885 च्या सुमारास ते इइकुबोंबरोबर सराव करत होते. इइकुबो पन्नाशीचे, पण हाताला विलक्षण, आणि तोवर कानो बहुतेक वेळा त्यांच्याकडून पडत. त्या दिवशी उलटं झालं. कानोंचा प्रत्येक डाव लागत गेला आणि गुरूंचा एकही लागेना. गुरूंनी कारण विचारलं. समोरचा ढकलतो तेव्हा आणि ओढतो तेव्हा त्याचा तोल कुठे जातो याचा मी अभ्यास करतो आहे आणि आधी तोल काढून मगच डाव टाकतो आहे, असं कानोंनी सांगितलं. इइकुबो म्हणाले, आता माझ्याकडे तुला शिकवण्यासारखं काही उरलं नाही. पुढे त्यांनी कितो परंपरेच्या पोथ्या कानोंच्या हवाली केल्या. शिष्याने हरवल्यावर असं वागणारा गुरूही मोठाच म्हणायचा.

कमी ताकदीचा जास्त ताकदीच्या माणसाला हरवतो, यामागचं गणित काय?

कानो हे आकड्यांतच समजावत. समजा समोरच्याची ताकद 10 आहे आणि माझी 7. तो पूर्ण जोराने ढकलतो आणि मी पूर्ण जोराने विरोध करतो. मी हरणार, माझे 7 च्या 7 खर्च होऊनही हरणार. आता मी विरोध न करता, स्वतःचा तोल सांभाळून, तो जितका ढकलतो तितकाच मागे सरलो. त्याला वाटलं होतं भिंत लागेल, लागली नाही, आणि तो पुढे झुकला. झुकलेल्या अवस्थेत त्याची वापरता येण्याजोगी ताकद 10 वरून 3 वर आली. माझे 7 मात्र शाबूत. त्यातली अर्धी ताकद वापरली तरी तो पडतो आणि उरलेली माझ्याजवळ शिल्लक राहते.

शेवटची ओळ लोक विसरतात. कानोंना नुसतं जिंकण्यापेक्षा, जिंकून झाल्यावर काय शिल्लक राहिलं यात जास्त रस होता.

म्हणजे "नमते घ्या आणि जिंका" हेच त्यांचं तत्त्वज्ञान का?

असा समज फार पसरला आहे आणि तो अपुरा आहे. कानोंनी स्वतःच तो खोडून काढला. त्यांचं उदाहरण साधं आहे. मागून कोणी मिठी मारून आवळलं, तर नमतं घेऊन काय करणार? तिथे सरळ जोर लावून सुटायला लागतं. कोणी लाथ मारली, ठोसा मारला, तिथेही दरवेळी मागे सरण्याने काम होत नाही. मग या सगळ्या प्रसंगांना लागू पडेल असं एकच तत्त्व आहे का? त्यांनी दिलेलं उत्तर म्हणजे सेइर्योकु झेन्यो: मन आणि शरीर यांची जेवढी शक्ती आहे, ती त्या क्षणीच्या उद्देशासाठी सर्वांत परिणामकारक रीतीने वापरणं. नमतं घेणं हा त्याचा एक प्रकार. कधी उलटं, सगळा जोर एका जागी ओतणं हाही त्याचाच प्रकार.

मग ते हे तत्त्व मॅटबाहेर नेतात. खाणं, कपडे, घर, अभ्यास, व्यवहार, भांडण. राग आला की शक्ती जळते आणि काम होत नाही, म्हणून राग हा वाईटापेक्षाही उधळपट्टीचा मामला आहे, असा त्यांचा सूर असतो. वाचताना काही ठिकाणी हे शाळेतल्या सुविचारासारखं वाटेल, हे मान्य. पण ज्याने रांदोरी, म्हणजे मोकळी झटापट, केली आहे त्याला ते पुस्तकी वाटत नाही. चिडून पकड घट्ट केली की खांदे ताठ होतात, खांदे ताठ झाले की समोरच्याला आपली हालचाल आधीच कळते, आणि दोन श्वासांत आपण पाठीवर असतो. इथे नीतीचा धडा लगेच अंगावर येतो, आणि त्याचा आवाजही होतो.

जिता क्योएई म्हणजे काय?

आपण आणि दुसरा, दोघांचीही भरभराट. 1922 मध्ये त्यांनी सेइर्योकु झेन्योबरोबर हे दुसरं तत्त्व जाहीरपणे मांडलं. त्याचं मूळही सरावात आहे. मी रोज ज्याच्यावर डाव शिकतो तो मला आपलं शरीर उसनं देत असतो. त्याला दुखापत झाली तर उद्या माझाच सराव बंद. त्यामुळे फेकताना त्याची बाही शेवटपर्यंत धरून ठेवणं, त्याचं डोकं वाचवणं, हे डावाचाच भाग म्हणून शिकवलं जातं.

जुजुत्सू शेकडो वर्षं होतंच. कानोंनी नवीन काय केलं?

एका वाक्यात: त्यांनी ते पूर्ण जोराने आणि रोज करता येईल असं केलं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळा फरक इथे पडला.

जीवघेणे डाव शिकवणाऱ्या शाळेची एक अडचण असते. डोळ्यात बोट, सांधा मोडणं, मर्मावर घाव, हे सरावात खरं करता येत नाही. मग ठरवून दिलेल्या चालींनी, हळू, एकमेकांना सांभाळून करावं लागतं आणि डाव खरोखर लागू होतो का हे कधीच तपासलं जात नाही. कानोंनी असे डाव काढून काताच्या चौकटीत ठेवले, म्हणजे ते जपले गेले. उरलेले फेकण्याचे, धरून ठेवण्याचे, आवळण्याचे आणि कोपराच्या पेचाचे डाव त्यांनी रांदोरीसाठी मोकळे केले. आता दोघं एकमेकांना रोखत, पूर्ण ताकदीने, कुठलीही चाल न ठरवता भिडू शकत होते आणि दुसऱ्या दिवशी परत येऊ शकत होते. कागदावर कमी घातक दिसणारी विद्या अशी जास्त पारखून निघाली, कारण तिचा प्रत्येक तुकडा विरोध करणाऱ्या माणसावर हजारदा घासला गेला.

त्याला जोड होती उकेमीची, म्हणजे पडण्याच्या शिक्षणाची. पडायचं कसं, हात जमिनीवर कसा मारायचा, हनुवटी छातीशी कशी घ्यायची, हे पाडायला शिकण्याच्या आधी. जुन्या घराण्यांतही पडणं शिकवत, पण पहिला धडा म्हणून सगळ्यांना पद्धतशीर देणं ही कोदोकानची देणगी.

1889 मध्ये शिक्षणतज्ज्ञांपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ज्युदोचे तीन हेतू सांगितले: शरीराचं शिक्षण, लढण्याची विद्या आणि मनाची घडण. जुजुत्सूकडे त्या काळी मधला एकच होता, असं त्यांचं म्हणणं.

कोदोकानची सुरुवात कशी झाली?

टोकियोच्या शिताया भागातल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात, 12 तातामी चटयांच्या जागेत. विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फेकाफेकीने मंदिर हादरायचं, पूर्वजांच्या नावाच्या पाट्या वेदीवरून खाली पडायच्या, जमिनीच्या फळ्या मोडायच्या. रात्री कानो दिवा घेऊन जमिनीखाली शिरत आणि मोडलेली लाकडं ठाकठीक करत. पुजाऱ्यांचा संयम संपायला वेळ लागला नाही आणि वर्ग दुसरीकडे हलवावा लागला.

कानो स्वतः किती तरबेज होते? त्यांनी कोणाला हरवलं?

त्यांच्या नावावर स्पर्धा किंवा पदकं शोधू नका. त्यांच्या तारुण्यात तशा स्पर्धाच नव्हत्या. त्यांचं कौशल्य कळतं ते शिष्यांबरोबरच्या चढाओढीतून.

उकी-गोशी हा त्यांचा हातखंडा डाव. कमरेवर घेऊन झटक्यात फिरवायचं. साइगो शिरो हा त्यांचा अत्यंत चपळ शिष्य. रोज तोच डाव खाऊन खाऊन त्याने कमरेवरून उडी मारून पलीकडे जायची युक्ती काढली. कानोंनी मग उडी मारणाऱ्याचा पाय आपल्या पायाने मागे झाडून टाकायला सुरुवात केली, तो डाव झाला हाराइ-गोशी. साइगोने त्यालाही मागे ओढून तोड काढली. तेव्हा कानोंनी खाली बसकण घेऊन, वर उचलत टाकायचं त्सुरिकोमी-गोशी तयार केलं. आज जगभर शिकवले जाणारे दोन मोठे डाव गुरू आणि शिष्य यांच्या अशा चुरशीतून निघाले. शिष्याने आपला आवडता डाव निकामी केला, याचा कानोंना आनंद झाला असणार, एरवी त्यांनी ही हकीकत इतक्या मोकळेपणाने सांगितली नसती.

दुसरा प्रसंग जहाजावरचा. युरोपच्या पहिल्या दौऱ्यावरून परतताना एका धिप्पाड रशियन प्रवाशाशी त्यांची ताकदीची गंमत रंगली. कानोंनी त्याला फेकलं आणि फेकता फेकता त्याचं डोकं डेकवर आपटू नये म्हणून हाताने सावरलं. बघणाऱ्यांना फेकण्यापेक्षा त्या हाताचं जास्त कौतुक वाटलं. नुसतं फेकण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे. कारण त्यासाठी फेकताना स्वतःचा तोल पूर्ण ताब्यात असावा लागतो.

उतारवयात काता करून दाखवतानाच्या त्यांच्या जुन्या चित्रफिती पाहायला मिळतात. त्यात वेग शोधू नका, पावलं बघा.

काळा पट्टा त्यांनीच आणला का?

हो. जुन्या घराण्यांत शिष्याला टप्प्याटप्प्याने परवान्याच्या पोथ्या मिळत, आणि त्यात वर्षानुवर्षं जात. कानोंनी दान ही श्रेणीपद्धत लागू केली. 1883 मध्ये पहिलं दान मिळालेले दोघे म्हणजे साइगो शिरो आणि तोमिता त्सुनेजिरो. काळा पट्टा थोड्याच वर्षांनी आला. पिवळा, नारिंगी, हिरवा हे रंग मात्र बरेच नंतर युरोपात रुळले. कराटेने पांढरा पोशाख, पट्टे आणि दान हे सारं ज्युदोकडून घेतलं.

आपल्या कुस्तीशी ज्युदोचं कितपत जमतं?

बरंच. धोबीपछाड, ढाक, कलाजंग, टांग यांचे भाऊबंद ज्युदोत सापडतात, कारण मानवी शरीर कलण्याच्या दिशा कोल्हापुरात आणि टोकियोत सारख्याच आहेत. मोठा फरक जाकिटाचा. बाही आणि गळपट्टी हातात आली की दुरूनही तोल काढता येतो, आणि घामाने निसटण्याचा प्रश्न संपतो. तालमीतून आलेली पोरं सुरुवातीला समोरच्याच्या कपड्याकडे दुर्लक्ष करतात आणि अंगाला भिडायला जातात. त्यांचा पाया आणि मान मात्र कोणालाही हेवा वाटावा अशी असते.

विचारांच्या पातळीवरही एक नातं आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला गेलं होतं. त्याच दिवसांत कानो ऑलिम्पिक समितीचे सदस्य म्हणून बर्लिनमध्ये 1940 च्या ऑलिम्पिकसाठी टोकियोला मतं मिळवत होते. देशी व्यायामविद्या आधुनिक शिक्षणात कशी बसवायची आणि जगापुढे कशी ठेवायची, हा प्रश्न दोघांचाही होता. मल्लखांब किंवा कुस्तीच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येकाने कानो वाचायला हवेत असं मी म्हणतो ते यासाठी.

स्त्रियांबद्दल त्यांची भूमिका काय होती?

काळाच्या पुढची, तरी अर्धीच. 1893 च्या सुमारास त्यांनी आशिया सुएको या पहिल्या विद्यार्थिनीला शिकवायला घेतलं, आणि 1926 मध्ये कोदोकानचा महिला विभाग सुरू झाला. पण स्त्रियांना काता आणि बेताची रांदोरी, स्पर्धा नाही. या चौकटीची किंमत केइको फुकुदा यांनी मोजली. कानोंच्या पहिल्या गुरूंची ही नात, 1935 मध्ये कोदोकानमध्ये आली. स्त्रियांना पाचव्या दानपुढे जाता येत नसे, म्हणून त्या तिथेच अडकून पडल्या, आणि सहावं दान मिळायला 1972 उजाडलं. पुढे अमेरिकेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं आणि 2011 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, अमेरिकन ज्युदो संघटनेने त्यांना दहावं दान दिलं. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना पदकांसाठी खेळायला 1992 पर्यंत थांबावं लागलं.

कराटे, आयकिडो, ब्राझिलियन जिउ-जित्सू यांच्याशी कानोंचा काय संबंध?

ओकिनावाहून आलेल्या फुनाकोशी गिचिन यांना 1922 मध्ये कोदोकानमध्ये कराटेचं प्रात्यक्षिक करायला कानोंनी बोलावलं. आयकिडोचे उएशिबा मोरिहेइ यांचं काम पाहून ते इतके प्रभावित झाले की आपला शिष्य मोचिझुकी मिनोरू याला त्यांच्याकडे शिकायला धाडलं. कोदोकानचे माएदा मित्सुयो ब्राझीलला गेले आणि त्यांच्याकडून ग्रेसी घराण्याने जे घेतलं, त्यातून ब्राझिलियन जिउ-जित्सू वाढलं. साम्बो या रशियन कुस्तीप्रकाराच्या जनकांपैकी वासिली ओश्चेप्कोव्ह यांनी पहिलं दान कोदोकानमध्ये मिळवलं होतं. यामाशिता योशित्सुगु यांनी तर 1904 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना व्हाइट हाउसमध्ये शिकवलं.

ज्युदो ऑलिम्पिकमध्ये जावा, अशी त्यांची इच्छा होती ना?

ऑलिम्पिक चळवळीचे ते कट्टर समर्थक. 1912 च्या स्टॉकहोम स्पर्धेला जपानचं पहिलं पथक तेच घेऊन गेले. त्यात खेळाडू दोनच होते, आणि त्यातला मॅरेथॉन धावणारा कानाकुरी शिझो त्यांच्याच शाळेचा विद्यार्थी. पण ज्युदोबद्दल विचारलं की ते सावध होत. इतर देशांना हवं असेल तर माझी हरकत नाही, मी मात्र पुढाकार घेणार नाही, अशा आशयाचं त्यांचं उत्तर होतं. ज्युदो हा निव्वळ खेळ झाला तर त्याचे बाकीचे दोन हेतू सुटतील ही त्यांची भीती.

भीती किती खरी ठरली? 1964 ला टोकियोत ज्युदो ऑलिम्पिकमध्ये आला. सर्व वजनांसाठी खुल्या गटाच्या अंतिम फेरीत नेदरलँड्सचा महाकाय आंतोन खेसिंक याने जपानच्या कामिनागा आकिओ याला धरून ठेवलं आणि जिंकला. सभागृह सुन्न झालं. आपल्या विजयाने वेडे झालेले डच पाठीराखे मॅटकडे धावले, तेव्हा खेसिंकने हात वर करून त्यांना रोखलं आणि आधी हरलेल्याला नमस्कार केला. मोठ्या माणसाने लहान माणसाला हरवलं, म्हणून काहींनी कानोंचं तत्त्व खोटं ठरल्याचं म्हटलं. मला तसं वाटत नाही. त्या दिवशी ताकद आणि तंत्र दोन्ही खेसिंककडे होतं, आणि जिता क्योएई कशाला म्हणतात हेही त्याने दाखवलं. आजच्या स्पर्धांमध्ये गुणफलकाकडे डोळे लावून वेळ काढणारे खेळाडू पाहिले, की मात्र कानोंची काळजी आठवते.

त्या काळात जपान चीनवर आक्रमण करत होता. कानो गप्प राहिले का?

हा प्रश्न टाळू नये. कानोंनी 1896 मध्ये चीनहून आलेल्या 13 विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली होती. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेत हजारो चिनी तरुण शिकले, थोर लेखक लू शुन हेही तिथेच जपानी शिकले. चीनबद्दल त्यांना आस्था होती. पण ते जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्यही होते, व्यवस्थेच्या आतले. 1937 मध्ये चीनशी उघड युद्ध पेटल्यानंतरही ते 1940 चं ऑलिम्पिक टोकियोकडे राहावं म्हणून झटत होते आणि 1938 च्या कैरो बैठकीत त्यांनी ते राखलं.

परतीच्या प्रवासात 4 मे 1938 रोजी हिकावा मारू जहाजावर न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं. जुलैमध्ये जपानने ते ऑलिम्पिक सोडून दिलं. सर्वांच्या भरभराटीचं तत्त्व सांगणाऱ्या माणसाचं आयुष्य, त्याचं राज्य शेजाऱ्याला चिरडत असताना संपलं. त्या तत्त्वात अन्यायी सत्तेपुढे काय करायचं याचं उत्तर नाही, ही त्यातली खरी उणीव आहे, असं माझं मत आहे.

मुलांना ज्युदो शिकवणं सुरक्षित आहे का?

शिकवणाऱ्यावर अवलंबून. 2012 मध्ये जपानने माध्यमिक शाळांत युद्धकलांचं शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा शाळांच्या ज्युदो सरावात डोक्याला मार लागून दगावलेल्या मुलांचा विषय तिथे मोठा गाजला. बहुतेक वेळा धोका असतो तो नवख्या मुलाला पडणं नीट येण्याआधी जोरात मागे फेकण्यात. वर्ग निवडताना पट्ट्यांची आणि पदकांची चौकशी नंतर करा. आधी तासभर बसून बघा की नवीन मुलं किती आठवडे नुसतं पडणं शिकतात, मोठ्या मुलांना लहानांवर सोडतात का, आणि डोकं आपटलं तर वस्ताद त्याला लगेच बाजूला बसवतात की "काही नाही होत" म्हणतात. शेवटचं वाक्य ऐकू आलं तर मुलाला घेऊन उठा.

भारतात ज्युदो कसा आला?

सुरुवातीच्या दुव्यांपैकी एक रवींद्रनाथांचा. त्यांच्या निमंत्रणावरून 1929 मध्ये कोदोकानचे ताकागाकी शिन्झो शांतिनिकेतनला आले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना, मुलींनासुद्धा, शिकवलं. अलीकडच्या काळात मणिपूरच्या सुशीला देवी लिकमाबाम यांनी 2014 आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धांमध्ये रौप्यपदकं मिळवली, तुलिका मान यांनीही 2022 मध्ये रौप्य आणलं.

जपानला गेलो तर काय पाहावं?

टोकियोच्या बुन्क्यो भागात कोदोकानची आजची इमारत आहे, बाहेर कानोंचा पुतळा. दुसऱ्या मजल्यावर छोटं संग्रहालय आहे. मुख्य सराव सातव्या मजल्यावर चालतो आणि आठव्या मजल्याच्या सज्जातून तो बघता येतो. संध्याकाळी जा, तेव्हा शाळकरी मुलांपासून पांढऱ्या केसांच्या आजोबांपर्यंत सगळे एकाच जागी भिडत असतात. एइशोजी मंदिरही टोकियोत आहे. हिकावा मारू योकोहामाच्या धक्क्यावर उभी आहे आणि तिकीट काढून आत जाता येतं. एकच दिवस हाताशी असेल तर कोदोकानचा सज्जा निवडा, आणि शक्य झालं तर पोशाख बरोबर न्या.